गव्हाच्या पिठाचा पाव घरी मऊ का होत नाही, आणि कसा होतो

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं आणि पाव बातम्यांत आला. भट्टी गेली तर लादी महागणार का, चव तीच राहणार का, यावर घराघरांत बोलणं झालं. शहराच्या हवेसाठी तो निर्णय गरजेचा होता असं मला मनापासून वाटतं. पण त्या निमित्ताने एक जुनाच प्रश्न पुन्हा वर आला. पाव घरी केला तर? आणि घरीच करायचा तर मैद्याचा कशाला, कणकेचा का नको?

विचार रास्त आहे. अडचण पहिल्याच खेपेला कळते. कणकेचा पाव ओव्हनमधून निघतो तो जड, कोरडा आणि कडेने टणक. मुलं एक घास खाऊन उरलेला ताटाच्या कडेला सारतात. मग यीस्टला दोष दिला जातो, ओव्हनला दिला जातो, शेवटी ‘आपल्या गव्हातच तो गुण नाही’ असं ठरतं. बहुतेक वेळा कारण यांतलं एकही नसतं. कणकेला जेवढं पाणी लागतं तेवढं आपण घालत नाही आणि जेवढा वेळ लागतो तेवढा थांबत नाही. हे एकदा नीट उमगलं की मैद्याचा चमचाही न घालता मऊ पाव होतो.

मैदा आणि कणीक: फरक कुठे आहे

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. बाहेरचं साल म्हणजे कोंडा, दाण्याच्या वजनाचा साधारण १४ टक्के. टोकाशी असतो तो अंकुर, जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. उरलेला सगळा आतला पांढरा गर. मैदा म्हणजे फक्त हा गर, बारीक दळून चाळलेला. कणकेत तिन्ही भाग असतात. म्हणूनच १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू (फायबर) मिळतात आणि मैद्यात तीनच्या आत-बाहेर.

दळण्याच्या पद्धतीतही फरक आहे, आणि पावाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मैद्याच्या मिलमध्ये पोलादी रोलर दाणा फोडून त्याचे थर वेगळे करत जातात. आपल्या गिरणीत दगडाच्या दोन चाकांमध्ये दाणा दाबून, घासून भरडला जातो, आणि पीठ गरम होऊन बाहेर येतं. या दाबामुळे गरातल्या स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. पोळी मऊ होते, डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, त्यात या फुटलेल्या स्टार्चचा मोठा हात आहे. म्हणजे आपल्या गिरणीचं पीठ मुळातच तहानलेलं असतं. मैद्याच्या पाककृतीतलं पाण्याचं माप त्याला पुरणार नाही, हे इथेच ठरून जातं.

पाव फुगतो म्हणजे काय होतं

पिठात पाणी घालून मळलं की गव्हातली दोन प्रथिनं एकमेकांना धरतात आणि एक चिवट, ताणणारं जाळं तयार होतं. त्याचं नाव ग्लुटेन. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो वायू या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. जाळं कच्चं असेल तर वायू निसटतो, आणि पाव बसतो.

ग्लुटेन डोळ्यांनी पाहता येतं. मुलं घरात असतील तर त्यांनाही दाखवा, फार सुंदर प्रयोग आहे. पोळीच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचा, मग भांड्यात थोडंथोडं पाणी घेऊन हाताने हळूहळू चोळत धुवायचा. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघतं. हे स्टार्च. कुरडयांसाठी चीक काढताना तळाला बसतो तोच हा पदार्थ. पाणी बदलत धुत राहिलात की हातात करड्या-पिवळसर रंगाचं, ओढलं की लांबणारं आणि सोडलं की आखडणारं काहीतरी उरतं. हे ग्लुटेन. त्यात कोंड्याचे तपकिरी ठिपके रुतलेले दिसतील. ओढून पाहा, बहुतेक वेळा ते त्या ठिपक्यांपाशीच फाटतं.

पुरणपोळी करणाऱ्यांना हे जाळं न सांगता ठाऊक आहे. सैल भिजवलेली, तेलपाण्यात तिंबून मुरत ठेवलेली कणीक बोटावर पातळ पडद्यासारखी चढते आणि पुरणाचा भलाथोरला गोळा पोटात घेऊनही फुटत नाही. पावाला नेमकी अशीच कणीक हवी. रोजच्या पोळीची घट्टसर कणीक चालत नाही.

मग कोंडा आड कुठे येतो

तीन ठिकाणी. एक तर त्याचे अणकुचीदार तुकडे जाळ्याच्या पडद्यात कमकुवत जागा तयार करतात, वरच्या प्रयोगात दिसतं तसं. दुसरं, कोंड्यासोबत येणाऱ्या अंकुरात अशी काही द्रव्यं असतात की ती ग्लुटेनचे दुवे सैल करतात.

तिसरं कारण मात्र सगळ्यांत भारी आहे. कोंडा पाणी पुष्कळ पितो, पण सावकाश पितो. ढोकळ्यासाठी रवा दह्यात कालवून ठेवला की सुरुवातीला पातळ वाटणारं मिश्रण अर्ध्या तासाने चमच्याला चिकटून उभं राहतं. कणकेत तेच घडतं. भिजवताना गोळा सैल वाटतो, हाताला चिकटतो. आपण घाबरून वर कोरडं पीठ टाकतो. तो आता मळायला छान झाला असं वाटतं. पुढच्या तासाभरात कोंडा आपला वाटा ओढून घेतो, ग्लुटेनला पाणी उरत नाही, जाळं आखडतं आणि फुगण्याची ताकद संपते. ओव्हनमध्ये जाईपर्यंत पावाचं भवितव्य ठरलेलं असतं.

मळून मळून हे दुरुस्त होत नाही. कोरड्या गोळ्यावर कितीही जोर लावला तरी फक्त मनगट दुखतं.

पाणी किती?

बेकरीतली माणसं पाण्याचं माप पिठाच्या वजनाच्या टक्क्यांत बोलतात. १०० ग्रॅम पिठाला ६० ग्रॅम पाणी म्हणजे ६० टक्के. मैद्याच्या पावाला साधारण ६० ते ६५ टक्के पुरतं. गिरणीच्या कणकेला ७५ ते ८५ टक्के लागतं. हा फरक किरकोळ नाही: ३०० ग्रॅम पिठामागे ४५ ते ६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव वाटी पाणी जास्त.

वाटीने पीठ मोजण्याचा इथे उपयोग नाही. दाबून भरलेली वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो, आणि मग सगळी टक्केवारी वाया. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा घ्याच. या लेखातला एकच सल्ला मानायचा असेल तर हा माना.

पण एवढं पाणी घातलेली कणीक हातात धरवत नाही, ती ओट्यावर पसरते, ही तक्रार खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

उत्तर उकडीत आहे

मोदकाची पारी आठवा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन अजिबात नसतं. थंड पाण्यात भिजवलेलं तांदळाचं पीठ वळता येत नाही, त्याचा भुगा होतो. तेच पीठ उकळत्या पाण्यात घालून वाफ आणली की लोण्यासारखं मऊ होतं, त्याच्या पाकळ्या काढता येतात. ज्वारीचं पीठ जुनं झालं, भाकरी तुटायला लागली, की आपण गरम पाणी ओततो. दोन्हीकडे घडतं ते एकच. थंड पाण्यात स्टार्चचे कण फारसे फुगत नाहीत. साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे ते फुगू लागतात आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी आत कोंडून ठेवतात. कोंडलेलं हे पाणी हाताला चिकटत नाही.

पावाच्या पिठातला थोडा भाग असाच उकळत्या पाण्याने उकडला तर जास्तीचं पाणी कणकेत जातं, आणि तरी गोळा हाताळता येतो. भाजतानाही ते पाणी लगेच उडून जात नाही, पाव दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. जपानमधल्या बेकऱ्या दूध घातलेल्या पांढऱ्या ब्रेडसाठी नेमकं हेच करतात, आणि त्यांचा ब्रेड जगभर मऊपणासाठी नावाजला जातो. मला विशेष वाटतं ते हे, की या पद्धतीचा खरा फायदा मैद्यापेक्षा कणकेला होतो, कारण उकळत्या पाण्यात कोंडाही मऊ पडतो आणि आपल्या वाट्याचं पाणी आधीच पिऊन घेतो. मग तो ग्लुटेनच्या वाट्याचं मागायला येत नाही.

उकड करायची ती मात्र साधारण पाचव्या हिश्श्याचीच. उकडलेल्या पिठातलं ग्लुटेन शिजून जातं, त्याचं जाळं होत नाही. निम्मं पीठ उकडलंत तर पाव फुगणारच नाही.

प्रत्यक्ष कृती, नऊ पावांची

कणीक ३०० ग्रॅम, मैदा चाळायच्या बारीक चाळणीने चाळून. वर राहील तो कोंडा टाकायचा नाही, तो एका पातेल्यात घ्यायचा आणि त्यात चाळलेल्या पिठातलं पीठ घालत एकूण ६० ग्रॅम करायचं. त्यावर ८० ग्रॅम खळखळतं पाणी ओतून चमच्याने भराभर ढवळायचं आणि झाकण ठेवायचं. ही उकड. ती पूर्ण गार होऊ द्या. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी चांगली. फक्त वापरायच्या आधी तासभर बाहेर काढा.

उरलेल्या २४० ग्रॅम पिठात १२० ग्रॅम दूध (उकळून गार केलेलं) आणि ५० ग्रॅम पाणी घालून नुसतं कालवायचं. मळायचं नाही. ओबडधोबड गोळा झाकून पाऊण तास बाजूला ठेवायचा. कणकेला लागतो म्हटला तो वेळ हाच. या पाऊण तासात पीठ पाणी पितं आणि ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं. पुढचं मळणं निम्म्यावर येतं.

मग त्यात गार उकड, सपाट दीड चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट, २५ ग्रॅम साखर किंवा किसलेला गूळ आणि सपाट एक चहाचा चमचा मीठ घालून मळायला घ्यायचं. पहिली तीन-चार मिनिटं सगळं तळहाताला, बोटांच्या बेचक्यांत चिकटतं, परातीला लागतं. इथे कोरडं पीठ घेऊ नका. हात पाण्याने ओला करा. गोळा उचलून परातीत आपटायचा, ओढायचा, दुमडायचा, पुन्हा आपटायचा. पाच-सहा मिनिटांनी परातीच्या कडा स्वच्छ होऊ लागतात, आपटल्याचा आवाज बदलतो, कणीक बोटांपेक्षा स्वतःला जास्त धरू लागते. तेव्हा ३० ग्रॅम मऊ लोणी किंवा तेल दोन-तीन वेळा मिळून घालायचं. क्षणभर सगळं निसरडं होतं आणि पुन्हा सांधतं. लोणी आधी घातलं तर ते पिठाच्या कणांवर चढून बसतं आणि जाळं जुळायला उशीर होतो, म्हणून शेवटी.

झालं की नाही हे ओळखायला लिंबाएवढा गोळा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. मैद्याचा पडदा काचेसारखा होतो, कणकेचा तसा होणार नाही. उजेड आरपार दिसला, त्यात कोंड्याचे ठिपके दिसले आणि मगच पडदा फाटला, तर पुरे.

आता झाकून ठेवा. कणकेत यीस्टला खायला भरपूर असतं, ती मैद्यापेक्षा लवकर वर येते. २८-३० अंशांच्या हवेत पाऊण ते एक तास. ‘दुप्पट होईपर्यंत’ हे मैद्याचं मोजमाप, कणकेला दीडपटीच्या थोडं पुढे पुरतं. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात ती अर्ध्या तासात वर येईल, तेव्हा भिजवतानाच माठातलं पाणी आणि फ्रिजमधलं दूध वापरा. पुण्या-नाशकात डिसेंबरमध्ये बंद ओव्हनमध्ये शेजारी कढत पाण्याचं भांडं ठेवा.

हवा काढून नऊ सारखे गोळे करा, प्रत्येक ६५ ग्रॅमच्या आसपास. गोळा ओट्यावर ठेवून वाटीसारख्या हाताखाली फिरवला की वरची बाजू ताणून गुळगुळीत होते. ही ताणलेली त्वचाच पावाला वर उचलते. आठ इंची चौकोनी डब्याला लोणी लावून तीन-तीनच्या ओळींत, मध्ये बोटभर फट सोडून मांडा. पुन्हा अर्धा-पाऊण तास. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला की भाजायची वेळ झाली. लगेच उसळून वर आला तर थोडं थांबा. अजिबात भरला नाही तर तो जास्त फुगलाय, ताबडतोब आत घाला.

वरून दूध लावून, १५ मिनिटं आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० ते १९० अंशांवर २० ते २२ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या लोणी फिरवा आणि सुती फडक्याने दहा मिनिटं झाका. आतली वाफ वरच्या कवचात मुरते, ते मऊ पडतं. नंतर डब्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर बूड ओलं होईल.

लादी करूनच का भाजायचे?

एकेकटा भाजलेला पाव चारही बाजूंनी कोरड्या उष्णतेत असतो, सगळीकडे कवच येतं. लादीतला पाव शेजाऱ्यांना टेकून वर चढतो, त्याच्या बाजूंना कवच येतच नाही. तोडल्यावर दिसणाऱ्या रेशादार मऊ बाजू हीच आपल्या लादीपावाची ओळख आहे.

गोव्याची पोई याच्या बरोबर उलट. ती कोंड्यासकट पिठाची, वरून कोंडा भुरभुरवलेली, सुटी भाजलेली. कवच चिवट आणि पोट पोकळ. पूर्वी पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, ती माडाच्या सुरेने आंबवत. कोंड्याचा पाव ही कुठल्या फिटनेसच्या लाटेतून आलेली कल्पना आहे असं कुणी म्हणालं तर त्याला पोई खायला घाला. कोंड्याने चिवटपणा येतो, तर त्या चिवटपणाचंच चांगलं खाणं करायचं, असा तिचा मार्ग आहे. आपल्याला हवाय मऊ पाव, म्हणून आपली वाट वेगळी.

‘एवढं करण्यापेक्षा थोडा मैदा घातला तर?’

खुशाल घाला. एक तृतीयांश मैदा घातला तर पाव हलका होईल, कामही सोपं होईल. पहिल्यांदा करणाऱ्यांनी तसंच करावं आणि हात बसला की मैदा कमी करत जावं, यात काहीच कमीपणा नाही. माझा आग्रह इतकाच, की काय खातोय ते माहीत असावं. बाजारातल्या ‘ब्राऊन’ ब्रेडचा रंग पुष्कळदा कॅरमलचा असतो. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड आहे, रंग कोणताही असो.

कोणता गहू घ्यावा

पोळीसाठी घरी येतो तो लोकवन किंवा सिहोर दोन्ही चालतात. गिरणीत एरवीपेक्षा बारीक दळून मागा आणि पीठ पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. अंकुरातल्या तेलामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते आणि खवटपणा पावात पोळीपेक्षा जास्त कळतो. त्यामुळे दळण ताजं हवं.

खपलीबद्दल हल्ली फार विचारलं जातं. खपली चवीला उत्तम आहे, तिची खीर आणि पोळी मला स्वतःला फार आवडते. पण तिचं ग्लुटेन कमजोर, ताणलं की तुटणारं. नुसत्या खपलीचा मऊ, उंच पाव होत नाही. तिची हौस असेल तर पाचवा हिस्सा, तोही उकडीत, म्हणजे ग्लुटेनचा प्रश्नच येत नाही. बन्सी गहू शेवया-रव्याचा, तो इथे नको.

यीस्टऐवजी सोडा चालेल का? यीस्ट पोटाला वाईट ना?

सोडा किंवा बेकिंग पावडर वापरून होईल तो केकच्या जातीचा, भुसभुशीत. ओढल्यावर रेशा सुटणारा पाव त्याने होत नाही, कारण सोड्याचा वायू काही मिनिटांत संपतो आणि जाळं सावकाश ताणलं जात नाही. यीस्ट ही एक बुरशीवर्गीय सूक्ष्म पेशी आहे, ५५ ते ६० अंशांच्या आसपास ती मरते. भाजून झालेल्या पावाचा गाभा ९० अंशांच्या पुढे गेलेला असतो, त्यात जिवंत यीस्ट उरत नाही. त्याच कारणाने कढत दुधात यीस्ट घालू नका. पाकीट उघडल्यावर हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये ठेवा, आपल्या दमट हवेत ओट्यावर ते फार टिकत नाही.

मधुमेह असेल तर हा पाव चालतो का?

इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘गव्हाचा आहे’ म्हणून लोक चार पाव खातात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याच्या मापाला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात, शुद्ध ग्लुकोजचं माप १००. आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये पांढऱ्या ब्रेडचं सरासरी माप ७५ आहे आणि बारीक दळलेल्या अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचं ७४. म्हणजे फरक जवळजवळ नाही. दाणा बारीक दळला की त्यातला स्टार्च तितक्याच पटकन पचतो. कणकेच्या पावाचा फायदा तंतूंचा, खनिजांचा आणि पोट भरल्याच्या समाधानाचा आहे, आणि तो खरा आहे. पण साखर तपासत असाल तर हाही पाव मोजूनच खा, सोबत उसळ घ्या, आणि प्रमाण डॉक्टरांना विचारा.

बेकरीवाल्यांना न थांबता जमतं, ते कसं?

त्यांच्याकडे मोठी मळणी यंत्रं असतात आणि बऱ्याच ठिकाणी ‘इम्प्रूव्हर’ असतो. ही ग्लुटेन बळकट करणाऱ्या आणि पाव जास्त वेळ मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांची भुकटी. तिच्यातली बरीचशी द्रव्यं निर्धोक आहेत. सगळी नव्हती. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या ब्रेडच्या बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले आणि पुढच्याच महिन्यात केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. घरी यांपैकी कशाची गरज नाही. जी ताकद भुकटीतून येते ती आपण पाऊण तास थांबून आणि उकडीतून मिळवतो. सुटं ग्लुटेन दुकानात मिळतं, ते चमचाभर घातलं तर पाव नक्की उंच होतो. ते गव्हातूनच काढलेलं असतं, वापरायला हरकत नाही.

ओव्हन नसेल तर

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह चालतो, फक्त नुसत्या मायक्रोवेव्हवर नव्हे, कन्व्हेक्शनवर. जाड बुडाच्या कढईत किंवा शिटी-गॅस्केट काढलेल्या कुकरमध्ये मीठ पसरून, वर स्टँड ठेवून मंद आचेवर ३०-३५ मिनिटं भाजता येतो. वर रंग येत नाही. मग तव्यावर लोणी टाकून परता, पावभाजीला तसंही करतोच.

दुसऱ्या दिवशी कडक का होतो, आणि तो ठेवायचा कसा

पाव वाळला म्हणून कडक होतो अशी समजूत आहे. हवाबंद डब्यात, ओलावा न घालवताही तो कडक होतो. भाजताना फुगून सैल झालेला स्टार्च थंड होताना हळूहळू पुन्हा रांगेत बसतो, त्याने धरलेलं पाणी सुटतं आणि गाभा आवळतो. शिळा भात मोकळा आणि टणक होतो तोही याचमुळे. ही रांग सगळ्यांत वेगाने लागते ती फ्रिजच्या थंडीत, शून्य ते पाच अंशांच्या आसपास. म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणं ही सगळ्यांत वाईट जागा आहे. बाहेर, गार झाल्यावर बंद डब्यात, तो दोन दिवस चांगला राहतो. पावसाळ्यात एकच दिवस धरा, बुरशी लवकर येते.

त्याहून जास्त ठेवायचे असतील तर केलेल्या दिवशीच, पूर्ण गार झाल्यावर, पिशवीत हवा काढून फ्रीझरमध्ये टाका. तिथे ही प्रक्रिया जवळजवळ थांबते आणि तीन-चार आठवडे पाव टिकतो. खायच्या वेळी फ्रीझरमधून थेट काढून इडलीपात्रात किंवा चाळणीवर चार-पाच मिनिटं वाफ द्या. स्टार्च ६० अंशांच्या पुढे गेला की पुन्हा सैल होतो, पाव ताज्यासारखा होतो. हे एकदाच करता येतं, दुसऱ्यांदा गार झालेला पाव पहिल्यापेक्षा लवकर कडक होतो, म्हणून लागतील तेवढेच बाहेर काढा.